मोटारीचा ब्रेक धरून राहतो तेव्हा : कॅलिपरमधील दोषाचे निदान व बदल

रायपूर शहरातून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर खमतराई मागे पडली की भनपुरीची औद्योगिक वसाहत लागते. लाकडाच्या वखारी, आरागिरण्या, मालवाहतूकदारांची आवारे आणि ट्रकदुरुस्तीची गॅरेजे ही या भागाची ओळख. याच दिशेने पुढे बिरगाव, उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे असून सिलतऱ्यात स्पंज आयर्नचे अनेक कारखाने आहेत. उन्हाळ्यात उडणारी धूळ, जून ते सप्टेंबरमधील पाऊस आणि अवजड वाहनांमुळे उखडलेल्या रस्त्याच्या कडा यांतून येथील मोटारींची रोजची ये-जा चालते. अशा परिसरात मोटारीच्या ज्या भागावर सर्वप्रथम परिणाम होतो, त्यांपैकी एक म्हणजे पुढच्या चाकांतील डिस्क ब्रेकचा कॅलिपर. हा भाग बिघडला तरी मोटार चालू राहते, ब्रेकही बहुधा लागतो. त्यामुळे दोष लक्षात येईपर्यंत पुष्कळ किलोमीटर उलटून गेलेले असतात.

गॅरेजच्या भाषेत या दोषाला ‘ब्रेक जाम झाला’ किंवा ‘ब्रेक धरून राहतो’ असे म्हणतात. मात्र ब्रेक धरून राहण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि प्रत्येक वेळी कॅलिपरच दोषी असतो असे नाही. निदान नीट न करता कॅलिपर बदलल्यास खर्च होतो आणि दोष तसाच राहतो. म्हणून बदलण्याच्या कृतीपेक्षा निदानाला अधिक वेळ द्यावा लागतो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. परंतु ती रुळली ती १९५० च्या दशकात. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जग्वार सी-टाईप या मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि १९५५ मध्ये आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केलेल्या ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींना अनेक वर्षे चारही चाकांना ड्रम ब्रेकच असत. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना असते. महागड्या मोटारींत चारही चाकांना डिस्क असते.

चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. काही कारागीर तिला ‘प्लेट’ असेही म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्याप्रमाणे पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. बहुसंख्य मोटारींत सरकता कॅलिपर वापरतात. त्यात पिस्टन एकच असतो आणि तो आतल्या बाजूस, म्हणजे इंजिनाकडील बाजूस असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर टेकतो. पिस्टन आणखी पुढे जाऊ शकत नसल्यामुळे त्याच दाबाने कॅलिपरचे संपूर्ण शरीर उलट दिशेने सरकते आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. हे सरकणे ज्या दोन पिनांवर होते त्या पिना गुळगुळीत, ग्रीस लावलेल्या व रबरी आवरणात सुरक्षित असणे अत्यावश्यक आहे.

पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ड्रम ब्रेकप्रमाणे येथे ओढून घेणारी स्प्रिंग नाही. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी सील असते. ऑइल गळू न देणे हे त्याचे एक काम. पिस्टन पुढे जाताना हे सील किंचित पिळले जाते आणि दाब गेला की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे घेते. हे मागे येणे मिलिमीटरच्या अंशाइतकेच असते. एवढ्या लहानशा हालचालीवर सर्व भिस्त असल्याने पिस्टनवर थोडा गंज चढला, सील कडक झाले किंवा पिना सुकल्या तरी पॅड डिस्कला घासत राहतो.

या घासण्यातून निर्माण होणारी उष्णता हाच खरा धोका होय. सुमारे १००० किलो वजनाची मोटार ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबविताना ब्रेकमध्ये जवळजवळ २५० किलोज्यूल इतकी उष्णता निर्माण होते. तीच मोटार घाटातून २०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या आधारे उतरली तर सुमारे २० लाख ज्यूल, म्हणजे अशा थांबण्याच्या आठपट उष्णता ब्रेकना पचवावी लागते. रायपूरहून बस्तरकडे जाताना कांकेर व कोंडागाव यांच्या दरम्यान लागणारा केशकाल घाट किंवा कवर्ध्याहून जबलपूरकडे जातानाचा चिल्पी घाट येथे हा हिशेब प्रत्यक्षात उतरतो. घाटाच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच एक चाक घासून तापलेले असेल तर उतारावर त्याच्याकडे आणखी उष्णता सामावून घेण्याची क्षमता उरत नाही.

येथे ब्रेक ऑइलचा विचार येतो. नाव ऑइल असले तरी डॉट ३ व डॉट ४ या वर्गांतील हे द्रव खनिज तेल नसतात. ते हवेतील बाष्प शोषून घेतात. नव्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस व डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. परंतु पाणी शोषलेल्या स्थितीसाठी ठरविलेली किमान मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांपर्यंत खाली येते. जाम झालेल्या कॅलिपरमधील जुने ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पेडल एकाएकी तळाला जाते. थांबल्यावर थोड्या वेळाने वाफ निवते आणि पेडल पूर्ववत होते. ‘ब्रेक गेला होता, मग आपोआप आला’ असे सांगणाऱ्या चालकाची गोष्ट म्हणूनच गांभीर्याने घ्यावी.

भनपुरीच्या गॅरेजांत ज्यांचा हात ट्रकवर बसला आहे अशा कारागिरांना येथे एक फरक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. मोठ्या ट्रकांना हवेचे ब्रेक असतात आणि त्यांच्या पार्किंग ब्रेकची रचना अशी असते की हवेचा दाब संपला तर स्प्रिंगच्या जोराने ब्रेक लागतो. मोटारीचे उलट आहे. ऑइलचा दाब गेला की त्या बाजूचा ब्रेक नाहीसा होतो. यासाठीच मोटारींत दोन स्वतंत्र परिपथ ठेवलेले असतात; एक निकामी झाला तरी दुसऱ्याने अंतर वाढवून का होईना, थांबता यावे. ऑइलचे गळणे म्हणूनच मोटारीत कधीही ‘उद्या बघू’ या सदरात टाकता येत नाही.

लक्षणे आणि त्यांचा अर्थ

पहिले लक्षण बहुधा वास असतो. जळक्या, तिखट अशा वासाबरोबर एका चाकाची रिम इतरांपेक्षा अधिक तापलेली आढळते व तिच्यावर काळी पूड अधिक साठते. सपाट रस्त्यावर गिअर काढून सोडलेली मोटार लवकर थांबते, इंधन अधिक लागते आणि सुकाणू एका बाजूस ओढ घेते. रायपूर ते नागपूर हा राजनांदगाव, देवरी, साकोली व भंडारा मार्गे जाणारा सुमारे २९० किलोमीटरचा प्रवास महामार्गावरून, ब्रेक फारसा न वापरता होतो. अशा प्रवासात चाक तापण्यास दुसरे कारण नसते. त्यामुळे वाटेत चहासाठी थांबल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करणे ही साधी पण उपयुक्त चाचणी ठरते. हात रिमजवळ न्यावा, डिस्कला लावू नये. तापलेली डिस्क क्षणात कातडी भाजते. अवरक्त तापमापक उपलब्ध असल्यास एकाच आसावरील डाव्या व उजव्या डिस्कचे तापमान ताडून पाहावे. पुढच्या चाकाची तुलना मागच्याशी करण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या ब्रेकवर भार मुळातच अधिक असतो. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी ओतण्याची सवय मात्र सोडावी; तिने डिस्कला तडा जाऊ शकतो.

ओढीच्या बाबतीत चूक फार होते. पेडलला पाय न लावताच मोटार डावीकडे जात असेल तर डावा ब्रेक धरून राहिला असण्याची शक्यता असते. परंतु मोटार सरळ चालते आणि ब्रेक दाबताच डावीकडे ओढते, तर बहुतेक वेळा डावा ब्रेक आपले काम करीत असतो आणि उजवा कॅलिपर कामच करीत नसतो. मोटार ज्या बाजूला ओढते तीच बाजू उघडून पाहणारा कारागीर अशा वेळी चांगला कॅलिपर बदलून बसतो. टायरमधील हवेचा कमी-अधिक दाब व चाकांची बिघडलेली अलाइनमेंट यांमुळेही ओढ निर्माण होते, म्हणून आधी हवा तपासावी. चाकाचे बेअरिंग खराब झाले तरी चाक तापते. परंतु तेव्हा वेगानुसार वाढणारा व वळणावर बदलणारा घुमल्यासारखा आवाज येतो आणि उचललेले चाक वर-खाली धरून हलविल्यास ते डुलते.

पेडलही बरेच काही सांगते. स्पंजासारखे मऊ पेडल ऑइलमध्ये हवा असल्याचे सुचविते. पेडलवर पाय स्थिर ठेवूनही ते हळूहळू खाली जात असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष संभवतो. चालू इंजिनावरही पेडल दगडासारखे कठीण लागत असेल तर व्हॅक्यूम बूस्टरकडे पाहावे. ब्रेक लावताना पेडल थरथरणे हा डिस्कच्या जाडीतील असमानतेचा परिणाम असतो. मात्र ती असमानता कॅलिपर दीर्घकाळ घासत राहिल्यामुळेही आलेली असू शकते, हे विसरू नये.

चाक उचलून करावयाची तपासणी

मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून, हँडब्रेक लावून व मागच्या चाकांना उटी लावून पुढचे चाक जॅकने उचलावे. मोटारीचा भार लगेच जॅकस्टँडवर घ्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली हात घालणे धोक्याचे आहे आणि हा इशारा अनुभवी कारागिरांनाही लागू आहे. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून ठेवावेत.

पेडल दोन-चार वेळा दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवावे. पॅडचा हलका स्पर्श होऊन बारीक आवाज येणे स्वाभाविक आहे. चाक हाताने फिरतच नसेल किंवा जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून घाईत नेमकी तीच वगळली जाते. कॅलिपरच्या वरच्या बाजूस असलेल्या निपलला पारदर्शक नळी लावून ते किंचित सैल करावे. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर कॅलिपरमध्ये दाब कोंडलेला होता. दाब कोंडण्याचा दोष सहसा कॅलिपरचा नसतो. निपल सैल करूनही चाक घट्टच राहिले, तर अडथळा यांत्रिक आहे. पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत.

दाब कोंडलेला आढळल्यास रबरी होजचा संशय धरावा. जुन्या होजचे आतले अस्तर फुगते किंवा सुटते आणि झडपेसारखे वागू लागते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण परत येऊ शकत नाही. बाहेरून होज धडधाकट दिसतो, म्हणूनच असा दोष हुलकावणी देतो. खात्रीसाठी निपल पुन्हा बंद करून, पेडल दाबून चाक पुन्हा जाम होऊ द्यावे आणि या वेळी होज जेथे लोखंडी नळीला जोडलेला असतो तो वरचा जोड सैल करावा. तेथे चाक मोकळे झाले तर दोष त्याहून वर, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसच्या भागात आहे. तेथे मोकळे झाले नाही आणि निपलवर होते, तर होज बदलावा लागेल. पुढची दोन्ही चाके किंवा तिरपी जोडी एकाच वेळी जाम होत असेल तर मास्टर सिलिंडरकडेच प्रथम वळावे. त्याचे ऑइल परत येण्याचे छिद्र तुंबलेले असते किंवा पेडलच्या दांड्याला आवश्यक तेवढी मोकळीक उरलेली नसते.

यांत्रिक अडथळा असल्यास चाक काढून पॅडची झीज पाहावी. आतला पॅड पुष्कळ झिजलेला आणि बाहेरचा जवळपास शाबूत असेल तर कॅलिपर पिनांवर सरकत नाही, असा अर्थ निघतो. दोन पिनांपैकी एकच अडकली असेल तर पॅड एका टोकाला पातळ व दुसऱ्या टोकाला जाड, असा उतरता झिजतो. दोन्ही पॅड अकाली संपले असतील तर पिस्टन मागे येत नसावा. पॅड ज्या खाचांत बसतात तेथे गंजाचे थर साचूनही ते अडकतात; अशा वेळी खाचा घासून स्वच्छ करणे एवढाच उपाय पुरतो.

नंतर कॅलिपरचे बोल्ट काढून दोन्ही पिना हाताने ओढून पाहाव्यात. त्या सहज सरकल्या पाहिजेत. पिस्टनच्या तपासणीसाठी जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लँपने पिस्टन हळूहळू आत ढकलावा आणि त्या वेळी निपल सैल ठेवावे, म्हणजे तळाचे घाणेरडे ऑइल एबीएसच्या भागात उलटे जाणार नाही. पिस्टन एकसारख्या विरोधाने आत गेला तर ठीक. मध्येच अडत असेल, तिरका होत असेल, किंवा रबरी बूट फाटून आत चिखल व गंज दिसत असेल तर कॅलिपर उघडावाच लागेल.

दुरुस्ती की बदल?

पिना अडकणे हे तुलनेने स्वस्त दुखणे आहे. पिना काढून, स्वच्छ करून, रबरी आवरणे नवी घालून व ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीस लावून काम भागते. येथे साधे पिवळे ग्रीस वापरण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ती हानिकारक आहे. ब्रेकमधील रबर खनिज तेलाच्या संपर्कात फुगते, आणि फुगलेले रबर पिनेला पुन्हा पकडते. हीच गोष्ट रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने सील धुण्याच्या बाबतीत लागू आहे. ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले तर संपूर्ण यंत्रणेतील रबरी भाग बदलण्याची वेळ येते.

पिस्टनचा गंज वरवरचा असेल आणि सिलिंडरच्या भिंतीवर खड्डे नसतील तर सील व बुटाचे किट घालता येते. पिस्टनवरील क्रोम निघालेले असेल तर पिस्टन पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसविणे हा केवळ काही महिन्यांचा दिलासा ठरतो, कारण गंज पुन्हा धरतोच. सिलिंडरला खड्डे पडले असल्यास, निपल तुटून आत राहिले असल्यास किंवा शरीराला तडा असल्यास संपूर्ण कॅलिपर बदलणे हेच योग्य. अडकलेला पिस्टन बाहेर काढण्यासाठी टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली जाते. ही रीत अत्यंत घातक असून उसळणाऱ्या पिस्टनखाली बोटे चिरडू शकतात. होज जोडलेला असताना पेडल सावकाश दाबून ऑइलच्या दाबानेच पिस्टन बाहेर काढणे अधिक सुरक्षित असते.

नवा कॅलिपर घेताना मोटारीचे मॉडेल, वर्ष आणि शक्य तर चॅसिस क्रमांक सांगावा. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार डिस्कचा व्यास बदललेला असू शकतो. डावा व उजवा कॅलिपर दिसायला सारखे असतात, कधीकधी उलट बाजूला बसतातही. ओळखण्याची खूण सोपी आहे : बसविल्यावर निपल वरच्या टोकाला आले पाहिजे. ते खाली आले तर वरच्या भागात हवा कोंडून राहते आणि कितीही वेळा प्रयत्न केला तरी पेडल मऊच लागते.

बदलण्याची कृती

बूट व पॅड यांवरची धूळ कॉम्प्रेसरने किंवा फुंकरीने उडवू नये. जुन्या घर्षणपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते व अन्य धूळही फुप्फुसांना हितकर नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती पुसून घ्यावी. टाकीतील ऑइलची पातळी पाहून झाकणाभोवतीची घाण आधीच पुसावी.

होज कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टने जोडलेला असतो, तो कॅलिपर जागेवर असतानाच किंचित सैल करावा. नंतर जोर लावण्यास आधार मिळत नाही. मग कॅलिपरचे बोल्ट काढून तो उतरवावा आणि होज सुटेपर्यंत तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. होजवर लोंबकळत ठेवलेला कॅलिपर होजचे अस्तर आतून फाडतो, आणि आज केलेल्या दुरुस्तीतून पुढच्या वर्षीचा दोष तयार होतो. होज सुटल्यावर त्याचे तोंड बंद करावे, म्हणजे टाकी रिकामी होऊन मास्टर सिलिंडर व एबीएसमध्ये हवा शिरणार नाही. सांडलेले ऑइल मोटारीचा रंग उतरविते. ते लगेच पाण्याने धुवावे.

कॅलिपर बाहेर असताना डिस्कची जाडी मोजावी. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. जाडी त्याखाली गेली असल्यास, तडे असल्यास किंवा अतितापाने निळसर डाग पडून पृष्ठभाग खडबडीत झाला असल्यास डिस्क बदलावी, आणि ती जोडीनेच. पॅड तर कोणत्याही परिस्थितीत एकाच आसावरील दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस जुना पॅड ठेवल्यास ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारताना मोटार तिरकी होते. कॅलिपर एकच बदलला तरी चालतो. परंतु दुसऱ्याचे वय तेवढेच असल्याने त्याच्या पिना व बूट त्याच वेळी उघडून पाहणे शहाणपणाचे.

नवा कॅलिपर बसविताना पोकळ बोल्टच्या दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशरे नवीनच घालावीत. वापरलेली वॉशरे दबून कठीण झालेली असतात आणि गळतात. होजला पीळ पडलेला नाही व सुकाणू दोन्ही टोकांना फिरविल्यावर तो टायरला घासत नाही, याची खात्री करावी. बोल्ट किती घट्ट आवळायचे याचे आकडे मोटारीच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेले असतात. लहान मोटारींत पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर इतके हलके, तर ब्रॅकेटचे व चाकाचे त्याच्या तिपटीच्या आसपास असतात. सगळे बोल्ट सारख्याच ताकदीने, पान्याला पाइप लावून आवळणारा कारागीर पिनांच्या आट्या खराब करतो.

हवा काढणे

या कामाला दोन माणसे लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. आतील व्यक्तीने पेडल सावकाश दाबून धरावे, बाहेरच्याने निपल उघडावे, ऑइल व बुडबुडे बाहेर आले की निपल बंद करावे आणि त्यानंतरच पेडल सोडण्यास सांगावे. क्रम चुकला, म्हणजे निपल उघडे असताना पेडल सोडले, तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हे करीत राहावे आणि टाकीतील ऑइल दर चार-पाच फेऱ्यांनी भरावे. जुन्या मोटारीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात सील एरवी कधी पोहोचत नाही तेथील गंजावर ते घासून फाटण्याची भीती असते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्यास हे टळते.

टाकी रिकामी झाली नसेल तर बदललेल्या चाकाचीच हवा काढणे पुरेसे असते. चारही चाकांची काढावयाची असल्यास क्रम पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. बऱ्याच मोटारींत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या, म्हणजे आपल्याकडील उजव्या सुकाणूच्या मोटारींत मागच्या डाव्या चाकापासून आरंभ करतात. एबीएसच्या भागात हवा शिरली असेल तर स्कॅनर जोडल्याशिवाय ती निघत नाही. बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. ज्या डब्याचे सील महिनोन् महिने उघडे आहे त्यातील ऑइलही, दिसायला स्वच्छ असले तरी, वापरू नये. टाकीच्या झाकणावर लिहिलेला वर्गच घ्यावा. डॉट ५ हा सिलिकोन वर्ग असून तो डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळता येत नाही.

मागच्या चाकांना डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमधून चालत असेल, तर पिस्टन सरळ ढकलून आत जात नाही. तो योग्य अवजाराने फिरवीत आत घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या मोटारीत आधी स्कॅनरने यंत्रणा दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते. अशा कॅलिपरवर सी-क्लँपचा जोर लावल्यास आतील यंत्रणा मोडते.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

इंजिन चालू करण्याआधी पेडल कठीण लागेपर्यंत दाबत राहावे. नव्या कॅलिपरचा पिस्टन पूर्ण आत असतो. पहिल्या दोन-तीन दाबांत तो केवळ पुढे येतो व ब्रेक लागत नाही. गॅरेजच्या दारातच समोरच्या वाहनावर मोटार आदळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. त्यानंतर पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे आणि सर्व जोडांवर बोट फिरवून गळती तपासावी. चाक पुन्हा हाताने फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करावी.

पहिली चाचणी आतल्या मोकळ्या रस्त्यावर, मंद वेगात घ्यावी. बिलासपूर महामार्गावरील ट्रकांच्या गर्दीत ती घेण्याचे धाडस करू नये. पुढे नवे पॅड डिस्कवर बसण्यासाठी ताशी ६० किलोमीटर वेगावरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा व मध्ये ब्रेकला निवण्यास अवधी द्यावा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत विनाकारण जोराचा ब्रेक टाळावा. आरंभी थोडा वास येतो, तो नव्या पॅडचा असतो. एक-दोन दिवसांनंतरही तो येत राहिला, किंवा एकच चाक तापू लागले, तर निपल सैल करण्याच्या चाचणीपासून तपासणी पुन्हा सुरू करावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी असून प्रत्येक मोटारीची ब्रेकयंत्रणा सुस्थितीत ठेवणे त्यानुसार बंधनकारक आहे. खाजगी मोटारीला ट्रकप्रमाणे ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्रासाठी जावे लागत नसल्याने नोंदणीच्या पहिल्या पंधरा वर्षांत ही तपासणी मालकाच्याच हाती राहते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, चाके काढून पिना व बूट पाहण्याचे काम टायर अदलाबदलीच्या वेळीच उरकता येते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस बहुतेक उत्पादक करतात आणि मोटार कमी चालली म्हणून ही मुदत वाढत नाही.